‘स्पोरोझोआ’ : खानेसुमारी कीं वंशावळ ?

ज्या ग्रंथांत कथानक नाहीं, कल्पनाविलास नाहीं, आणि ज्याच्या पानापानांवर लॅटिन नांवें व मापांचे आंकडे यांखेरीज फारसें कांहीं आढळत नाहीं, त्याचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कां यावें, असा प्रश्न कित्येक वाचकांस पडेल. आमचें उत्तर सरळ आहे. आपण बखरींस वाङ्मय म्हणतों. शकावल्या व वंशावळी यांचें संशोधन करितों. इतकेंच नव्हे, तर जुन्या जमाखर्चाच्या रुमालांवर प्रबंध लिहितों. जगांतील वस्तूंची नांवनिशीवार नोंद करणें हा मनुष्याच्या बुद्धीचा जुना व मानाचा व्यापार आहे. नोंद एकदां लिहिली गेली म्हणजे ती कशी लिहिली आहे, तिच्यावरून काय सिद्ध होतें आणि काय होत नाहीं, हें पाहणें टीकाकाराचें काम आहे. शास्त्रीय सूचीग्रंथ या तपासणींतून बहुधा सुटतात, कारण ते तज्ज्ञांच्या कपाटाबाहेर पडतच नाहींत. त्यांतील एक ग्रंथ आम्हीं आज येथें परीक्षणास घेतला आहे.

तो ग्रंथ म्हणजे बी. एल्. भाटिया यांचा ‘प्रोटोझोआ : स्पोरोझोआ’. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेंत तो १९३८ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. मालेचा प्रारंभ १८८८ सालीं ब्लॅनफर्ड यांच्या सस्तन प्राण्यांवरील खंडानें झाला होता. वाघ-हत्तींपासून निघालेली ही माला पन्नास वर्षांनीं सूक्ष्मदर्शकावांचून न दिसणाऱ्या जीवांपर्यंत येऊन पोंचली. भाटिया यांनीं त्यापूर्वी दोनच वर्षें, १९३६ सालीं, याच मालेंत दुसऱ्या एका एकपेशीय वर्गावर, म्हणजे अंगावर केंसांसारखे तंतु असणाऱ्या सिलिओफोरा वर्गावर, खंड लिहिला होता. स्पोरोझोआ म्हणजे बीजाणूंच्या द्वारें पसरणारे एकपेशीय परोपजीवी. हिंदुस्थान, सिलोन व ब्रह्मदेश या मुलखांतून तोंपर्यंत नोंदले गेलेले असे जीव भाटिया यांनीं एका ग्रंथांत ओळीनें मांडले. जाति कोणती, ती कोणत्या प्राण्याच्या शरीरांत सांपडली, कोठें सांपडली, तिची लांबी-रुंदी किती, आणि तिच्या शेजारच्या जातीपासून ती ओळखावी कशी, हें सांगणें एवढाच अशा ग्रंथाचा हेतु असतो.

या जीवांपैकीं ज्यांचा संसार कीटकांच्या पोटांत चालतो त्यांचाच विचार आम्ही मुख्यतः करणार आहों. कारण ते आपल्या घरांतच आहेत. स्वयंपाकघरांतील झुरळ, पिठाच्या डब्यांत होणारे तांबूस किडे, अंगणांतील नाकतोडा, शेणांत गोळे करणारा भुंगेरा, यांपैकीं कोणाचेंहि आंतडें उघडून मिठाच्या पाण्याच्या थेंबांत सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें, तर त्यांत दुधी रंगाचे, काकडीसारखे लांबट जीव संथपणें सरकतांना दिसण्याचा संभव पुष्कळ असतो. त्यांना पाय नाहींत, केंस नाहींत, शेपटी नाहीं. तरीहि ते सरळ रेषेंत घसरत जातात. यांस ‘ग्रेगॅरिन’ म्हणतात. मूळ नांव फ्रेंच पंडित लेओं द्युफूर यांनीं १८२८ सालीं दिलें. लॅटिन भाषेंत कळपास जो शब्द आहे त्यावरून तें घेतलेलें आहे. द्युफूर यांस हे जीव कृमि वाटले होते. एवढा मोठा देह एकाच पेशीचा असूं शकतो, हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पंडितांच्या ध्यानांत आलें. आणि तो देह खरोखरच मोठा असूं शकतो. कीटकांतील ग्रेगॅरिन बहुधा मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढे असले, तरी युरोपांतील शेवंडाच्या आंतड्यांत राहणारी एक जाति सुमारे दीड सेंटिमीटर लांब होते.

यांचा जीवनक्रम एखाद्या नेमस्त कुळाचारासारखा आहे. कीटक अन्नाबरोबर बीजाणु गिळतो. आंतड्यांत बीजाणु फुटून त्यांतून बहुधा आठ सूक्ष्म जीव बाहेर पडतात व आंतड्याच्या अस्तरांत आपलें टोंक रुतवून बसतात. त्या टोंकाची घडण जातीजातींत निराळी असते. कोणाची साध्या गुंडीसारखी, कोणाची आंकड्यांची, कोणाची लांब मानेसारखी. तेथें राहून तो जीव पोसला जातो, आणि पुष्कळ जातींत त्याच्या देहाचे आडव्या पडद्यानें पुढचा व मागचा असे दोन भाग होतात. पुरता वाढला म्हणजे तो अस्तर सोडून मोकळा होतो, आणि दोघे जीव एकमेकांस जोडले जातात. कित्येक जातींत एकाच्या पाठीमागें दुसरा, आगगाडीच्या डब्यांसारखा. मग दोघांभोंवतीं एक कवच तयार होतें, आंत बीजांचा संयोग होतो, नवे बीजाणु बनतात, व विष्ठेबरोबर बाहेर पडून दुसऱ्या कीटकाची वाट पाहतात. या सर्व व्यवहारांत कीटकाचें बहुधा फारसें बिघडत नाहीं. शास्त्रज्ञांच्या परिभाषेंत ज्याच्या देहांत परोपजीवी राहतो त्यास यजमान म्हणतात. झुरळाच्या बाबतींत हा शब्द यथार्थ वाटतो, कारण पाहुणा घरांत असल्याची वार्ताहि यजमानास बहुधा नसते.

अशा जीवांच्या वर्णनाचा ग्रंथ लिहितांना लागणारी चिकाटी भाटिया यांच्यापाशीं होती, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या भाषांच्या नियतकालिकांत विखुरलेले निबंध एकत्र करणें, एका प्राण्याला दोघांनीं दिलेलीं दोन नांवें ओळखून काढणें, आणि हें सर्व कोठेंहि भाषेचा फुलोरा न करतां सांगणें, हें काम हलक्या हाताचें नव्हे. आमच्या मतें अशा ग्रंथाचा पहिला गुण म्हणजे त्याचा संयम. जें दिसलें तें लिहावें व जेथें दिसलें तें ठिकाण लिहावें, हा नियम पाळणाऱ्या नोंदी ऐंशी वर्षें लोटलीं तरी शिळ्या होत नाहींत. उलट ज्या नोंदींत लेखकाचा तर्कच अधिक, त्या दहा वर्षांत टाकाऊ होतात.

परंतु येथेंच आमच्या टीकेचा मुख्य मुद्दा येतो. सूची ही खानेसुमारी आहे. गांवांत किती घरें, कोणाच्या घरीं कोण राहतो, एवढें खानेसुमारी सांगते. अमुक तमुकाचा चुलत भाऊ, हें ती सांगत नाहीं. असें असतां प्राणिशास्त्राच्या सूचींची मांडणी मात्र कुळें, गण व वर्ग अशा नात्याच्या भाषेंत केलेली असते. त्यामुळें वाचणारा, आणि पुष्कळदां लिहिणाराहि, खानेसुमारीस वंशावळ समजूं लागतो. स्पोरोझोआ या वर्गाच्या बाबतींत हा घोटाळा किती मोठा होता, हें पुढील संशोधनानें दाखवून दिलें आहे.

स्पोरोझोआ हा वर्ग लॉइकार्ट यांनीं १८७९ सालीं स्थापिला. परोपजीवी असणें व बीजाणु निर्माण करणें, या दोन साम्यांवर त्याची उभारणी होती. त्यांत ग्रेगॅरिन आले, हिंवतापाचे जीव आले, माशांच्या अंगावर गांठी आणणारे मिक्सोस्पोरिडिया आले, आणि रेशमाच्या किड्यांस मारणारे मायक्रोस्पोरिडियाहि आले. पुढें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें पेशींची अंतर्रचना उघड केली, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत डी.एन्.ए.च्या तुलनेनें वंश ताडून पाहतां येऊं लागला. तेव्हां हें एकत्र कुटुंब मोडलें. मिक्सोस्पोरिडिया हे एकपेशीय प्राण्यांचे आप्त नव्हतच. ते समुद्रांतील जेलीमाशांचे, पोवळ्यांचे भाऊबंद निघाले. मायक्रोस्पोरिडिया बुरशीच्या घराण्याजवळ जाऊन बसले. ग्रेगॅरिन व हिंवतापाचे जीव मात्र खरोखरच एका वंशाचे ठरले. यजमानाच्या पेशींत शिरण्यासाठीं वा तिला चिकटण्यासाठीं त्यांच्या टोंकाशीं जी सूक्ष्म यंत्रणा असते, तिच्यावरून लेव्हाइन यांनीं १९७० सालीं त्यांस ‘अपिकॉम्प्लेक्सा’ हें नांव दिलें. एकच धंदा करणारे म्हणून ज्यांस एका जातीचे मानलें, ते निरनिराळ्या गांवांहून येऊन त्या धंद्यास लागलेले होते, असा हा प्रकार आहे.

भाटिया यांस याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांच्या काळीं उपलब्ध साधनांनीं जितकें दिसत होतें तितकें त्यांनीं मांडलें. दोष त्या चौकटीचा आहे, आणि तिच्या मुळाशीं असलेल्या एका समजुतीचा आहे. ती समजूत अशी कीं, जें साधें तें जुनें. आपल्या मराठींत प्रोटोझोआस ‘आदिजीव’ म्हणण्याची वहिवाट आहे. तिच्यांतहि हीच समजूत लपलेली आहे. एकच पेशी, म्हणून सृष्टीच्या आरंभींचा जीव. परोपजीवी, म्हणून आळसानें अवयव गमावून बसलेला जीव. १८८० सालीं रे लँकेस्टर यांनीं परोपजीवनास अधोगतीचें उदाहरण म्हणून पुढें केलें, आणि तेव्हांपासून नीतीचे उपदेशक त्या उदाहरणावर तुटून पडले आहेत. आपणहि आयतें खाणाऱ्यास बांडगूळ म्हणून मोकळे होतों. परंतु शिवीनें शास्त्र होत नाहीं.

मायक्रोस्पोरिडियाची कथा या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. रेशमाच्या किड्यांवर मिरपुडीसारखे काळे ठिपके आणून त्यांस मारणाऱ्या पेब्रीन रोगाचा जीव नेगेली यांनीं १८५७ सालीं ‘नोसेमा बॉम्बिसिस’ या नांवानें नोंदला. पुढें १८६५ पासून पाश्चर यांनीं दक्षिण फ्रान्सांत राहून असा उपाय काढला कीं, अंडीं घातल्यावर मादी पतंग वाटून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी, व तिच्यांत हे बीजाणु आढळले तर तिचीं अंडीं नष्ट करावीं. तुतीवर रेशमाचे किडे पाळणारे शेतकरी आज पुणें जिल्ह्यांतहि आहेत, आणि जेथें रेशमाचीं अंडपुंजें तयार होतात तेथें हीच परीक्षा अद्यापि चालते. या जीवांच्या पेशींत ऊर्जा निर्माण करणारा मायटोकॉन्ड्रिया नांवाचा घटक दिसेना. म्हणून १९८३ सालीं कॅव्हेलियर-स्मिथ यांनीं त्यांस, तो घटक सृष्टींत अवतरण्यापूर्वींच्या काळचे अवशेष ठरविलें. वीस वर्षेंहि लोटलीं नाहींत तोंच, २००२ सालीं त्या घटकाचा आक्रसलेला अवशेष त्यांच्या पेशींत सांपडला. म्हणजे हे जीव प्राचीन म्हणून साधे नव्हते. एके काळीं भरल्या घरांतले असून दुसऱ्याच्या घरीं राहावयास गेल्यावर त्यांनीं आपलें सामान कमी केलें होतें. आणि त्याच वेळीं बीजाणूंतून बाणासारखी सुटून यजमानाच्या पेशींत शिरणारी एक पोकळ नळी त्यांनीं संपादन केली होती. यास अधोगति म्हणावें कीं कौशल्य म्हणावें ?

ग्रेगॅरिनांच्या वंशाचा वृत्तांत याहून नवलाचा आहे. हिंवतापाच्या जीवाच्या पेशींत वनस्पतींच्या हरितलवकाचा एक निरुपयोगी दिसणारा, पण त्या जीवास अत्यावश्यक असा अवशेष आहे, हें १९९६-९७ च्या सुमारास सिद्ध झालें. २००८ सालीं ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या बंदरांतील पोवळ्यांतून ‘क्रोमेरा’ नांवाचा जीव वर्णिला गेला. तो या परोपजीवींचा निकटचा आप्त असून सूर्यप्रकाशावर स्वतःचें अन्न तयार करितो. तेव्हां या सर्व मंडळींचे पूर्वज उन्हांत वाढणारे, हिरवे होते, असें मानावें लागतें. पिठांतील किड्यांच्या वर्गांतल्या एका भुंगेऱ्यांत राहणाऱ्या ग्रेगॅरिनानें तो हिरवा वारसाहि टाकून दिल्याचें २००७ सालच्या शोधावरून दिसतें. लहान मुलांस अतिसार करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा जीव देखील ग्रेगॅरिनांच्या जवळच्या नात्यांतला आहे, असें १९९९ पासून दिसून आलें आहे. झुरळाच्या पोटांतील निरुपद्रवी पाहुण्याचा अभ्यास हा केवळ पंडितांचा छंद नव्हे, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें.

आतां भाटिया यांच्या मागून झालेल्या कामाकडे वळूं. ग्रेगॅरिनांच्या नव्या जाति वर्णन करण्याची परंपरा आपल्या देशांत चांगली रुजली. बंगालमध्यें कल्याणी येथें हलदार व त्यांचे सहकारी यांनीं ती विशेष चालविली. जगांत आजवर दीड हजारांहून अधिक जातींचीं वर्णनें झालीं आहेत. कीटकांच्या ज्ञात जाति दहा लाखांवर आहेत हें मनांत आणलें, म्हणजे ही संख्या म्हणजे समुद्रांतील ओंजळ होय. पण संख्या वाढली म्हणून ज्ञान वाढतेंच असें नाहीं. पुष्कळ वर्णनें देहाच्या पुढील भागाची लांबी व एकंदर लांबी यांच्या प्रमाणावर उभीं असतात. १९१६ सालीं मिनी वॉटसन यांनीं आपल्या प्रसिद्ध निबंधांत वापरलेली ही मोजणीची पद्धति पुढें सर्वत्र रूढ झाली. मोजणें वाईट नव्हे. परंतु एकाच जीवाचा आकार लहानपणीं एक व मोठेपणीं दुसरा असतो. औषधांत ठेवल्यावर तो आणखी बदलतो. अशा वेळीं केवळ आकारावरून, आणि यजमान निराळा म्हणून, नवें नांव देणें म्हणजे एकाच मनुष्यास बाल्यांत एक व वार्धक्यांत दुसरें आडनांव देण्यासारखें आहे.

उलट चूकहि संभवते. एका कीटकांत एकच ग्रेगॅरिन असें मानून दोन-चार जाति एका नांवाखालीं झांकल्या जातात. अमेरिकेंत क्लॉप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत केलेले प्रयोग या बाबतींत डोळे उघडणारे आहेत. पिठांतील एका भुंगेऱ्याच्या अळींत ज्या ग्रेगॅरिन जाति राहतात त्या त्याच्या प्रौढ भुंग्यांत राहत नाहींत, आणि प्रौढांतील जाति अळींत राहत नाहीं. कीटक तोच; पण परोपजीवीच्या दृष्टीनें तीं दोन स्वतंत्र घरें आहेत. ज्या नोंदींत यजमानाचें नांव आहे पण तो अळी होता कीं भुंगा, हें नाहीं, ती नोंद यापुढें अर्धवट समजली पाहिजे.

हा मुद्दा दूरदेशच्या प्रयोगशाळेपुरता नाहीं, हें दाखविण्यासाठीं आम्ही आपल्या जवळचेच दोन तालुके घेतों. पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागीं भीमेच्या उत्तरेस शिरूर व दक्षिणेस दौंड आहे. दोन्ही तालुके पर्जन्यछायेंतले. मूळचे ज्वारी-बाजरीचे, माळरानाचे, बाभळींचे. मुठेचा उजवा कालवा दौंडच्या शिवारांतून गेला, घोड नदीवर चिंचणीचें धरण झालें, आणि पाणी पोंचलें तेथें ऊस उभा राहिला. उसाबरोबर हुमणी आली. हुमणीची अळी जमिनींत राहून उसाच्या मुळ्या खाते. तिचा भुंगेरा पहिल्या पावसानंतर सायंकाळीं बाहेर पडून बाभूळ व कडुनिंब यांचा पाला खातो. खाणें निराळें, वस्ती निराळी, आंतडें निराळें. या एकाच कीटकाच्या पोटांत दोन अवस्थांत दोन निराळ्या सृष्टि आहेत काय, हा प्रश्न शिरूरच्या एखाद्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यासहि साध्या सूक्ष्मदर्शकानें हातीं घेतां येईल. कांदा व डाळिंब पिकविणाऱ्या शेतकऱ्यास मधमाशांचें महत्त्व सांगावयास नको. १९९६ सालीं चीनमधील ज्या मधमाशींतून ‘नोसेमा सेरेनी’ या मायक्रोस्पोरिडियाचें प्रथम वर्णन झालें, ती आपल्या सातेरी माशीचीच जाति होय. पुढें तो जीव युरोपीय माशींच्या पेट्यांतून जगभर आढळला, आणि २०२० सालीं त्याचें गणनामहि बदललें. नांव बदललें तरी रोग तोच राहतो; परंतु नांवामागचा वंश ठाऊक असल्यावांचून रोग कोठून कोणाकडे गेला हें कळत नाहीं.

आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक गंभीर वाटते. माळ नांगरला गेला कीं माळावरचा नाकतोडा जातो; गुरें कमी झालीं कीं शेणांतला भुंगेरा कमी होतो. जो परोपजीवी एकाच यजमानाच्या पोटांत राहावयास शिकला आहे, तो त्याच्याबरोबरच नाहींसा होतो; आणि त्याची नोंद झालेली नसेल तर तो होता, हेंहि कोणास कळत नाहीं. हिरव्या पूर्वजांपासून निघालेल्या एका वंशाची कोट्यवधि वर्षांची वाट अशा रीतीनें एखाद्या शिवारांत मुकाट्यानें संपूं शकते. म्हणून सूचीग्रंथ निरुपयोगी झाले, असें जे म्हणतात त्यांच्याशीं आमचें पटत नाहीं. सूची जुनी झाली म्हणजे ती जाळावयाची नसते. तिची फेरतपासणी करावयाची असते.

ती फेरतपासणी कशी असावी, याविषयीं आमच्या अपेक्षा थोड्या आहेत. कीटकाचें नांव, त्याची अवस्था, गांव, ऋतु व पीक यांची नोंद असावी. चित्र व मापें यांच्याबरोबर बीजाणूंचें वर्णन अवश्य असावें. मूळ नमुना काचपट्टीवर जतन करून एखाद्या सार्वजनिक संग्रहांत ठेवावा. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचें पश्चिम विभागाचें केंद्र पुण्यास आकुर्डी येथेंच आहे. शक्य तेथें डी.एन्.ए.चा पाठ जोडावा. आणि नव्या जातीचें नांव देण्याची घाई करूं नये. नांव छापून येणें हा विद्यार्थ्याच्या दृष्टीनें मोठा मोह आहे, पदवीच्या व्यवस्थेनें तो वाढविलाहि आहे. परंतु दहा नव्या नांवांपेक्षां एका जुन्या जातीचा संपूर्ण जीवनक्रम अधिक मोलाचा आहे.

भाटिया यांच्या ग्रंथाविषयीं आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. वंशावळ म्हणून तो आतां मानतां येणार नाहीं. त्यानें एका छपराखालीं आणलेलीं कुटुंबें मुळांत परकीं होतीं. खानेसुमारी म्हणून मात्र तो अद्यापि प्रमाण मानण्याजोगा आहे, कारण कोणाच्या घरीं कोण राहत होता हें त्यानें डोळसपणें लिहून ठेविलें. ज्या विद्यार्थ्यास शिरूर-दौंडच्या शिवारांत हें काम पुढें न्यावयाचें असेल, त्यानें हा ग्रंथ उशाशीं घ्यावा. मात्र त्यांतील मापें विश्वासानें वाचावीं आणि त्यांतील नातीं संशयानें वाचावीं, एवढी आमची त्यास सूचना आहे.